पाच मैलांचं वर्तुळ

"हॅलो, कंट्रोल टॉवर ना? मी आमच्या परसातून ड्रोन उडवतोय. तुमच्या कानावर घालून ठेवावं म्हटलं."

२०१२ नंतरची सहा-सात वर्षं अमेरिकेतल्या विमानतळांना या मासल्याचे फोन येत होते. फोन करणारा कोणी आगाऊ माणूस नव्हता; कायद्याने सांगितलं तेच तो करत होता. पंचाईत व्हायची ती फोन घेणाऱ्याची. काचेपलीकडे एक विमान उतरायच्या बेतात, दुसरं धावपट्टीच्या तोंडाशी उड्डाणाची वाट पाहत उभं, आणि फोनवरचा माणूस पत्ता सांगतोय: अमुक रस्ता, तमुक नंबर, शाळेच्या मागची गल्ली. टॉवरमधल्या माणसाच्या लेखी जागा म्हणजे विमानतळापासूनची दिशा, नॉटिकल मैलांतलं अंतर आणि फुटांतली उंची. "नैर्ऋत्येला दोन मैल, शंभर फुटांच्या आत, पुढची पंधरा मिनिटं" असं कोणी सांगितलं, तर ते वाक्य तसंच उचलून रेडिओवर वैमानिकाला देता येतं. शाळेच्या मागच्या गल्लीचं काय करायचं?

वर फोन ठेवताना ठरलेला प्रश्न यायचा: "मग उडवू ना?" त्याचं उत्तर कोणी द्यायचं, द्यायचं की नाही, हे कायद्यात कुठेच सरळ लिहिलेलं नव्हतं.

ही फोन करायची रीत ड्रोनपेक्षा बरीच जुनी आहे. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, हौशी विमानं उडवणाऱ्यांसाठी एक छोटंसं सूचनापत्रक काढलं. त्याचा क्रमांक ९१-५७. वस्तीपासून लांब उडवा, जमिनीपासून ४०० फुटांच्या वर नेऊ नका, खरं विमान दिसलं की त्याला वाट द्या, आणि विमानतळापासून तीन मैलांच्या आत उडवायचं असेल तर विमानतळाला किंवा टॉवरला कळवा, एवढाच त्याचा ऐवज. त्यात सक्ती नव्हती. उलट, काही अडलं तर टॉवरला विचारायला संकोच करू नका, असंही त्यात होतं. सरकारी कागद सहसा इतका मोकळा नसतो.

हा मोकळेपणा परवडत होता, कारण समोरची मंडळी ओळखीची होती. त्या काळी रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवणं हे काम सोपं नव्हतं. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून, चिकटवून, वर कापड किंवा फिल्म ताणून विमान बांधायला आठवडेच्या आठवडे जात, आणि नवख्याच्या हातून ते पहिल्याच दिवशी जमिनीत नाक खुपसून मोडे. म्हणून माणूस क्लबात जाई. तिथे दोन ट्रान्समीटर केबलने जोडून उस्ताद शेजारी उभा राही. शिकाऊचं विमान वाकडं जाऊ लागलं की उस्तादाने बटण सोडायचं, ताबा त्याच्याकडे. १९३६ मध्ये स्थापन झालेली अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही या क्लबांची मायसंस्था. क्लबाचं मैदान ठरलेलं, उडवायचे दिवस ठरलेले, आणि जवळच्या विमानतळाच्या माणसांशी वर्षानुवर्षांची ओळख. क्लबातला एखादा म्हातारा स्वतःच निवृत्त वैमानिक असायचा. त्याने टॉवरला फोन केला की दोन मिनिटांत काम होई, कारण दोन्हीकडची भाषा एकच होती.

२०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेने या रिवाजाला कायद्याचं रूप दिलं. विमानवाहतुकीच्या मोठ्या कायद्यातलं कलम ३३६ हौशी मंडळींना जवळजवळ अभय देणारं होतं. ती एखाद्या राष्ट्रीय संस्थेच्या सुरक्षा-नियमांप्रमाणे उडवत असतील, तर एफएएने त्यांच्यासाठी नवे नियम करू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. बदल्यात काही अटी होत्या. त्यातली एक अशी की, विमानतळापासून पाच मैलांच्या आत उडवायचं तर विमानतळ चालवणाऱ्याला आणि टॉवर असल्यास टॉवरला आधी कळवायचं. जे कायम एकाच जागेवरून उडवतात त्यांनी विमानतळाशी बसून एक कार्यपद्धती ठरवून घ्यावी, अशीही कंसात पुस्ती होती. ती पुस्ती वाचली की कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळतं. त्यांना मैदान असलेला क्लबच दिसत होता.

पुढच्याच वर्षी, २०१३ च्या जानेवारीत, शेन्झेनच्या डीजेआय कंपनीने फँटम बाजारात आणला. पांढरा, चार पंख्यांचा, खोक्यातून काढून थोड्याच वेळात उडवता येणारा. त्याला जीपीएस होतं. हात सोडले तरी तो हवेत जागच्या जागी थांबे. उस्ताद नको, क्लब नको, बाल्सा नको. हौशी विमानविद्येत शिकायला जे कष्ट पडत, तेच तिचं कुंपण होतं. ते कष्ट सरले तसं कुंपणही गेलं. दुकानातून यंत्र घेऊन घरी निघालेल्याला पाच मैलांची अट माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ज्याला माहीत होती त्याला टॉवरची भाषा येत नव्हती.

आता त्या पाच मैलांकडे जरा गणिताने पाहू. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे २०० चौरस किलोमीटर. त्यात शहरच्या शहर बसतं. शिवाय विमानतळ म्हणजे फक्त मोठे विमानतळ नव्हेत. अमेरिकेत विमान किंवा हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा नोंदलेल्या जागा १९ हजारांच्या घरात आहेत, आणि टॉवर आहेत त्यांतल्या पाचशेच्या आसपास ठिकाणी. बाकीच्यांत शेतकऱ्याच्या रानातली गवताची धावपट्टी आली आणि इस्पितळाच्या गच्चीवरचं हेलिपॅडही आलं. मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाने कायदा शब्दशः पाळायचा म्हटलं, तर अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी अनेक ठिकाणी फोन फिरवावे लागत. इस्पितळाच्या स्वागतकक्षातल्या बाईंना "तुमच्या हेलिपॅडपासून चार मैलांवर ड्रोन उडवतोय" असं सांगून काय उपयोग, हा प्रश्न कोणालाही पडेल.

वर्तुळ दुसऱ्याही अर्थाने चुकीचं होतं, आणि ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रवासी विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. धावपट्टीच्या कडेवर ते ५० फुटांवर असतं. तिथून मागे मोजत गेलं तर दोन किलोमीटरवर त्याची उंची सुमारे ४०० फूट भरते आणि आठ किलोमीटरवर १४०० फूट. म्हणजे ४०० फुटांची मर्यादा पाळणारा ड्रोन उतरत्या विमानाच्या वाटेत येऊ शकतो तो मुख्यतः धावपट्टीच्या दोन टोकांपुढच्या दोनेक किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात. तिथे मात्र तो शंभर फुटांवरही जिवावरचा खेळ आहे. उलट धावपट्टीच्या बाजूला, काटकोनात, चार किलोमीटरवर दोनशे फुटांवर उडणाऱ्या ड्रोनच्या आसपास प्रवासी विमान यायचं काही कारणच नसतं. धोक्याचा आकार लांबट आहे, आणि कायद्याने काढलं वर्तुळ. अर्थात वर्तुळाची एक सोय असते. ते सांगायला सोपं असतं आणि कोणालाही कळतं. पण जे सगळीकडे सारखं लागू होतं ते लोक सगळीकडे सारखंच मोडायला लागतात, हाही अनुभव आहेच.

हेलिकॉप्टरं या हिशेबात बसत नाहीत. ती खालून उडतात, धावपट्टीच्या रेषेचं त्यांना बंधन नसतं. त्यांची गोष्ट पुढे येतेच.

फोन घेतल्यावर टॉवरच्या हातात काय असायचं? रडार म्हणावं, तर ड्रोन म्हणजे टीचभर प्लॅस्टिकचं यंत्र, जमिनीलगत, मंद चालणारं. त्याचा माग विमानतळाच्या नेहमीच्या रडारवर सहसा लागत नाही. पक्षी आणि मोटारी पडद्यावर गर्दी करू नयेत म्हणून असे संथ ठिपके मुद्दाम गाळलेले असतात. मग वैमानिकाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा का? तेही मोजून पाहता येतं. समोरची वस्तू दिसणं, ती काय आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, निर्णय घेणं, हात हलणं आणि विमानाने वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात असं एफएएचंच वैमानिकांसाठीचं मार्गदर्शन सांगतं. उतरणारं विमान सेकंदाला ७० मीटर वेगाने येत असेल, तर साडेबारा सेकंदांत ते जवळजवळ पाऊण-एक किलोमीटर कापतं. तेवढ्या अंतरावरून तीस सेंटिमीटरचा ड्रोन किती मोठा दिसेल? निरोगी डोळ्याला जे सूक्ष्मतम दिसू शकतं, जेमतेम तेवढा. वैमानिकाने त्या क्षणी नेमक्या त्याच ठिपक्याकडे पाहायला हवं, मागे ढग हवा, झाडी नको. म्हणजे डोळ्यांचा भरवसा नाही. उरला तो फोन.

आणि त्या फोनचं कायद्यातलं वजन विचित्र होतं. हौशी माणसाने फक्त कळवायचं होतं. परवानगी मागायची नव्हती. २०१४ मध्ये एफएएने आपला अर्थ जाहीर केला: टॉवरने हरकत घेतली तर त्या माणसाने उडवू नये अशी आमची अपेक्षा आहे. आणि तरी उडवलं तर विमानवाहतुकीला धोका पोचवल्याबद्दल कारवाई करण्याचं हत्यार एफएएच्या हाती होतंच. हौशी संघटनांना हे पटलं नाही. कायद्यात "कळवा" असताना तुम्ही मागल्या दाराने "विचारा" आणता आहात, असं त्यांचं म्हणणं. व्यवहारात एकाच कायद्याखाली टॉवरटॉवरचं उत्तर वेगळं येई. कोणी "ठीक, कळवलंत, आभार" म्हणून फोन ठेवी, कोणी सविस्तर चौकशी करून नाव-नंबर लिहून घेई, कोणी सरळ नको म्हणे.

गंमत पुढेच आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये व्यावसायिक ड्रोनचालकांसाठी वेगळे नियम लागू झाले, भाग १०७ या नावाने ते ओळखले जातात. लग्नाचं शूटिंग करणारा, छपरांची पाहणी करणारा, सर्वेक्षण करणारा असा कोणीही असो, त्याने परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं, आणि नियंत्रित हवाई क्षेत्रात उडवायचं तर एफएएची लेखी परवानगी घ्यायची. संकेतस्थळावर अर्ज केला की उत्तराला ९० दिवसांपर्यंत लागू शकत. म्हणजे परीक्षा देऊन आलेला माणूस तीन महिने थांबणार, आणि त्याच्या शेजारी राहणारा, कालच खोकं उघडलेला हौशी मुलगा टॉवरला एक फोन करून संध्याकाळी त्याच आकाशात उडवणार. ही व्यवस्था टिकणारी नव्हती.

२१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये, स्टेटन आयलंडच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सुमारे ३०० फुटांवरून जात असताना एक फँटम त्याच्यावर आदळला. संयुक्त राष्ट्रांची आमसभा चालू होती, त्यामुळे त्या भागात उड्डाणांवर तात्पुरते निर्बंध होते. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. पंख्याच्या पात्याला दीड इंचाचा पोचा पडला होता, आणि ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरमध्येच अडकून राहिली होती. त्या तुकड्यावरच्या अनुक्रमांकावरून अपघात-तपास मंडळ मालकापर्यंत पोचलं. तो अडीच मैलांवरून, ड्रोन डोळ्यांनी दिसत नसताना, फक्त पडद्यावर पाहून उडवत होता. यंत्र परत आलं नाही तेव्हा ते कुठेतरी पाण्यात पडलं असणार असं त्याने गृहीत धरलं होतं. आपण लष्करी हेलिकॉप्टरला धडकलो हे त्याला कळलं ते तपास अधिकाऱ्यांकडून. निर्बंधांची त्याला कल्पना नव्हती. ॲपमध्ये काही आलं तर दिसेल, एवढ्या भरवशावर तो होता.

या माणसाने कोणाला फोन केला नाही, हे खरं. पण मला या प्रकरणातली दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. त्याचा सगळा विश्वास ॲपवर होता. १९८१ चा क्लबवाला टॉवरकडे बघायचा, २०१७ चा हौशी माणूस हातातल्या पडद्याकडे. त्याला सांगायचं ते तिथेच सांगावं लागणार होतं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विद्यापीठांच्या ॲश्युअर या गटाने एफएएसाठी केलेला अभ्यास बाहेर आला. संगणकावर टकरी घडवून त्यांनी दाखवलं की सारख्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोनने विमानाचं जास्त नुकसान होतं. पक्षी आदळताना जवळजवळ पाण्यासारखा पसरतो. ड्रोनची मोटर, बॅटरी आणि कॅमेरा पसरत नाहीत, आत घुसतात.

उपाय सुचला तो तसा साधाच होता. कंट्रोलरला दर वेळी तोच प्रश्न विचारण्याऐवजी एकदाच विचारायचा आणि उत्तर लिहून ठेवायचं. एफएएने प्रत्येक टॉवरच्या भोवतालच्या क्षेत्राच्या चौकटी पाडल्या. एक चौकट म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट गुणिले रेखांशाचा एक मिनिट. अमेरिकेच्या मध्यभागी ती साधारण १.८५ किलोमीटर उंच आणि दीड किलोमीटरपेक्षा जरा कमी रुंद भरते. मग त्या त्या टॉवरच्या माणसांनी प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहायचा: आमच्याशी वेगळं न बोलता इथे किती फुटांपर्यंत ड्रोन चालेल? शून्यापासून ४०० पर्यंतचा एखादा आकडा. धावपट्टीच्या टोकांपुढे शून्यांची रांग लागते. बाजूला सरकलं की शंभर, दोनशे होतात, कडेला चारशे. हेलिकॉप्टरांची वाट जिथून जाते तिथे पुन्हा आकडा घसरतो. वर्तुळात जे मावत नव्हतं ते, म्हणजे धोक्याचा लांबट आकार, या चौकटींत आपोआप उमटलं. ज्या कंट्रोलरला फोनवर "शाळेच्या मागची गल्ली" कळत नव्हती, त्याचंच शहाणपण इथे कामी आलं, फक्त सवडीने, नकाशा पुढ्यात घेऊन.

या नकाशावर चालणारी यंत्रणा म्हणजे लॅन्स. २०१७ च्या नोव्हेंबरात काही मोजक्या विमानतळांवर तिची चाचणी झाली आणि २०१८ च्या एप्रिलअखेरपासून ती देशभर टप्प्याटप्प्याने पसरली. माणसाने फोनवरच्या ॲपमध्ये जागा, वेळ आणि उंची भरायची. उंची चौकटीतल्या आकड्याच्या आत असेल तर काही सेकंदांत होकार येतो आणि त्याची माहिती टॉवरपर्यंतही जाते. तीन महिन्यांचं काम एवढ्यावर आलं.

कोणत्या हवेत हे सगळं लागू, तेही इथे सांगून टाकतो. मोठ्या विमानतळांवरचं नियंत्रित आकाश उलट्या उतरंडीसारखं रचलेलं असतं: सर्वांत लहान मडकं तळाला जमिनीवर टेकलेलं, आणि वर जावं तसं मडकं मोठं होत गेलेलं. ड्रोनवाल्याचा संबंध येतो तो तळाच्या मडक्याशी. त्याच्या बाहेर, ज्या छोट्या धावपट्ट्यांना टॉवर नाही तिथे, बहुतेक ठिकाणी ४०० फुटांपर्यंतची हवा अनियंत्रित असते.

५ ऑक्टोबर २०१८ ला नवा कायदा झाला आणि कलम ३३६ रद्द झालं. पाच मैल गेले, फोन गेला. नियंत्रित क्षेत्रात हौशी माणसालाही आधी परवानगी. अनियंत्रित क्षेत्रात कळवायचीही सक्ती नाही, फक्त खऱ्या विमानाला वाट द्यायची. पण लॅन्स अजून हौशी लोकांना खुली नव्हती. २०१९ च्या मे महिन्यात एफएएने जाहीर केलं की तोवर नियंत्रित क्षेत्रात हौशी उड्डाण फक्त ठरवून दिलेल्या मैदानांवरच होईल, आणि परवानगीसाठी कृपा करून टॉवरला फोन करू नका. ३८ वर्षांपूर्वी ज्या खात्याने विचारायला संकोच करू नका म्हटलं होतं, त्याचीच ही सूचना. २३ जुलै २०१९ ला लॅन्स सर्वांना खुली झाली आणि हा दोनेक महिन्यांचा उपास सुटला.

व्यवस्था सुधारली यात मला शंका नाही. पण तिच्याकडून भलतीच अपेक्षाही नको. ॲपमधला होकार म्हणजे वरून कोणी विमानांना बाजूला करतंय असं नव्हे. चौकटीतला आकडा महिन्यांपूर्वी लिहिलेला असतो. आज दुपारी अपघातातल्या जखमीला उचलायला आलेलं हेलिकॉप्टर त्या आकड्यात नसतं. म्हणून जाणते ड्रोनवाले अजूनही जवळ एक एअरबँड रेडिओ ठेवतात. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर वैमानिक एका सामाईक फ्रीक्वेन्सीवर आपण कुठे आहोत हे आपणच सांगत असतात, ते ऐकलं की पुढच्या पाच मिनिटांत डोक्यावर काय येणार ते कळतं. अमेरिकेत ते ऐकायला कोणाची ना नाही. जमिनीवरून त्यावर बोलायला मात्र परवाना लागतो.

शिवाय जो विचारतच नाही त्याचं काय? विमानतळांजवळ ड्रोन दिसल्याचे शंभराहून जास्त अहवाल आपल्याकडे महिन्याला येतात, असं एफएए सांगते. त्यांतले खरे किती, हे ठरवणं महाकठीण. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१८ च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, ड्रोन दिसल्याच्या बातमीने दीड दिवस वाहतूक बंद होती. सुमारे हजार उड्डाणं आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. ड्रोन सापडला नाही. ज्या जोडप्याला पकडलं ते निर्दोष निघालं, आणि पोलिसांना नंतर त्यांना भरपाई द्यावी लागली. ब्रिटनने २०१९ च्या मार्चमध्ये नियम बदलले तेव्हा मात्र आकार नीट निवडला: विमानतळाभोवती दोन-अडीच नॉटिकल मैलांचं वर्तुळ, आणि धावपट्टीच्या प्रत्येक टोकापासून पुढे पाच किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद असा पट्टा.

एक कुंपण कंपन्यांनीही घातलं होतं. विमानतळाजवळ गेलं की डीजेआयचा ड्रोन स्वतःच अडून बसे. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने अमेरिकेत हे अडवणं काढून टाकलं आणि त्या जागी फक्त इशारा ठेवला. निर्णय उडवणाऱ्याचा, असं तिचं म्हणणं. त्याच्या चारच दिवस आधी, ९ जानेवारीला, लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडलं होतं आणि ते विमान ऐन आगीच्या धामधुमीत जमिनीवर बसून राहिलं होतं. निर्बंध तेव्हा लागू होते. उडवणारा सांता मोनिकातल्या एका पार्किंगच्या वरच्या मजल्यावर उभा होता, ड्रोन त्याच्यापासून अडीच किलोमीटरवर.

आपल्याकडे टॉवरला फोन करण्याचा टप्पा आलाच नाही. भारतात सुरुवात झाली ती बंदीने. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका पिझ्झेरियाने ड्रोनने पिझ्झा पोचवल्याचं जाहीर केलं तेव्हा पोलिसांनी विचारणा केली, आणि ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवायला मनाई केली. लोक अर्थातच उडवत राहिले. त्या वर्षांत वरून घेतलेल्या शॉटशिवाय लग्नाचा व्हिडिओ पुरा होईना. १ डिसेंबर २०१८ पासून नवे नियम आले: डिजिटल स्काय नावाचं संकेतस्थळ, आणि परवानगी नसेल तर यंत्राने जमीनच सोडायची नाही अशी कल्पना. कागदावर ती अमेरिकेच्या पुढची होती, प्रत्यक्षात फारशी चालली नाही.

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सुटसुटीत केलं. नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची हवी, लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा आधी ४५ किलोमीटरपर्यंत होता, तो १२ वर आणला. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून सिंहगड हवाई अंतराने तीसेक किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबात तोही पिवळ्यात येत होता. (आता त्या कड्याबाहेर आहे, एनडीए या लष्करी प्रबोधिनीच्या शेजाराचं काय ते नकाशात वेगळं पाहावं लागतं.) विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर नियंत्रकांना विचारायचं. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. वर्तुळं मात्र वर्तुळंच राहिली. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू हे दोन विमानतळ चारेक किलोमीटरवर, तिथे एकाचं वर्तुळ दुसऱ्यात मिसळलेलं.

नकाशा हिरवा आहे म्हणून लगेच उडवावं असंही नाही. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो. मुंबई पोलीस तर अनेकदा महिनाभरासाठी ड्रोन, पॅराग्लायडर, फुगे यांवर मनाईचे आदेश काढतात, आणि ते शहरभर लागू असतात.

आणि पिवळ्यात विचारायचं कोणाला? अमेरिकेतल्या ॲपमागे शेवटी एकच खातं उभं असतं. इथे सांताक्रूझचं आकाश भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, लोहगावचं हवाई दलाकडे, गोव्यातल्या दाबोळीचं नौदलाकडे आणि नाशिकजवळच्या ओझरचं हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे. पुण्यात पिवळ्या भागातून ड्रोन उडवू पाहणाऱ्याचा अर्ज ज्या टॉवरकडे जातो, तिथले नियंत्रक हवाई दलाचे असतात, आणि त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानांच्या जोडीला सुखोईही उडत असतात.